उलटा छापलेला गणपती

१७ जानेवारी. ऑफिसातून आल्याआल्या चहाही न घेता मी वरच्या मजल्यावर दळवी काकांची हॉस्पिटलची पिशवी भरायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. टॉवेल, काळा चष्मा, आधार कार्ड, पुढून बटणं असलेला शर्ट असं एकेक आत घालत होते. "आणखी काय हवं?" असं विचारलं तर काका म्हणाले, "आरसा."

"ऑपरेशनला आरसा कशाला?"

"तिथे रिसेप्शनला गणपतीचा फोटो आहे. मागच्या वेळी नीट दिसला नाही."

दळवी काका ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगते. हा माणूस कोणाच्याही घरी गेला की आधी देवाला आरसा दाखवतो. आरसाही साधा नाही, स्कूटरचा, दांडीसकट. स्कूटर विकली तेव्हा तेवढा काढून ठेवला. काका देवघराकडे पाठ करून उभे राहतात, आरसा खांद्याच्या वर धरतात आणि गाडी रिव्हर्स घ्यावी तसे एकेक पाऊल मागे जात भिंतीवरचे देव तपासतात. मग आरसा खिशात टाकून निकाल देतात, "सुलटा आहे. टेन्शन नको." त्यानंतरच चहा.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते पार्किंगच्या नोटिशीवर सही करायला. मी सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कोणी तयार होईना म्हणून मी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ट्रकचं बुकिंग सांभाळते. दिवसभर ड्रायव्हरांशी बोलून घसा तयार झालेला असतो, त्यामुळे मीटिंगा मला जड जात नाहीत. काकांनी सही करायच्या आधी आमचे देव बघितले, पास केले, आणि मग त्यांची नजर आमच्या लग्नाच्या फोटोवर गेली.

"सेक्रेटरीबाई, मिस्टर डावखुरे आहेत का?"

"नाहीत. का?"

"मग हा फोटो उलटा धुतलाय. सफारीचा खिसा बघा, उजवीकडे आलाय. तुमचा पदरही उजव्या खांद्यावर."

लग्नापासून तो फोटो हॉलमध्ये आहे. सासूबाईंनी बघितला, पाहुण्यांनी बघितला, माझ्या दोन्ही मुली त्याच्याखाली अभ्यास करून मोठ्या झाल्या. कोणाला दिसलं नव्हतं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तरी मला वाटायचंच, काहीतरी उलटं झालंय." त्या संध्याकाळी ह्यांना चहा जरा उशिराच मिळाला.

काकांच्या ह्या खोडीमागे एक गोष्ट आहे आणि ती त्यांनी सगळ्या सोसायटीला ऐकवलेली आहे. नोकरीत असताना काका मुंबईत कॅलेंडरं छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कॅमेऱ्यावर होते. हा कॅमेरा गळ्यात अडकवायचा नव्हे, खोलीएवढा. चित्रकार देवाचं चित्र रंगवायचा, त्याची मोठी पारदर्शक फिल्म प्रेसला यायची, आणि ती कॅमेऱ्यात लावून वेगवेगळ्या रंगांच्या निगेटिव्ह काढायच्या. फिल्मची एक बाजू चकचकीत, एक मंद. कुठली वर ठेवायची तेवढं लक्षात ठेवायचं.

"लग्न होऊन महिना झाला नव्हता," काका सांगतात. "डोकं ठिकाणावर नव्हतं. लावली उलटी."

डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला. खालचं दुकानाचं नाव वेगळ्या फिल्मवर असायचं, ते सुलटंच आलं, म्हणून प्रेसमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पडले, गावोगाव वाटले गेले. आता उजव्या सोंडेचा म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कडक देवता. सोवळं सांभाळायचं, पूजेत एक दिवसाचाही खंड नको, घराला कुलूप लावून गावाला जायचं नाही.

"मालकांना कळलं तेव्हा मी म्हटलं, गेली नोकरी. पण बाई, तीच कॅलेंडरं आधी संपली! पुढच्या वर्षी मालक स्वतः येऊन म्हणाले, दळवी, तो तुझा उलटा परत लाव."

इथे सगळे हसतात. काकाही हसतात आणि मग नेहमी एकच वाक्य जोडतात, "वर्ष संपलं की तारखा कापून टाकतात लोक. देव कोण टाकतो? देवाला फ्रेम करतात."

म्हणून हा आरसा. उलटा छापलेला गणपती आरशात सुलटा होतो. आशीर्वादाचा हात जो डावा झालेला असतो तो पुन्हा उजवा दिसतो, उजव्या खांद्यावर गेलेलं जानवं डाव्या खांद्यावर येतं. काकांचं म्हणणं, त्यांचा तो गणपती अजून कितीतरी भिंतींवर असणार. तो शोधायचा आणि त्या घरच्या माणसांना सांगायचं की बाबांनो, तुमचा देव साधा आहे, कडक नाही, मोकळे व्हा.

आता सोसायटीत ह्याचं काय झालं ते बघा. सी विंगमधल्या आजींनी सत्यनारायणाच्या दिवशी काकांना आरसा धरून मागे मागे जाताना पाहिलं. आजींना वाटलं हा कोकणातला काही विधी असेल. पुढच्या वर्षी आजींनी स्वतः हात-आरसा घेऊन केलं. यंदा सी विंगमध्ये तीन घरांत पूजेनंतर "देवाला पाठीवरून आरसा दाखवणे" झालं. एका सुनेने मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, आरसा चौकोनी चालतो का?"

मी काकांना म्हटलं, "एक गणपती फिरवलात तेवढा पुरे नव्हता का?"

काका डोक्याला हात लावून बसले.

समोरच्या फ्लॅटमधल्या फरीदाबाई मूळच्या उरणकडच्या. त्यांच्या हॉलमध्ये काबाचं मोठं चित्र आहे, वर अरबी अक्षरं. काका पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी तिथेही आरसा काढला, मग लगेच परत ठेवला. "तुमचं बरं आहे," ते म्हणाले. "वर लिहिलेलं असतं. उलटं छापलं तर पोरसुद्धा सांगेल."

फरीदाबाई म्हणाल्या, "काका, तुमी आधी बसा. सुरमई गार होतेय."

दर शुक्रवारी काका त्यांच्याकडे जेवतात. मासे म्हटलं की काकांचा जीव वर-खाली होतो, पण स्वतःच्या घरात ते शिजवत नाहीत. मला वाटायचं, एकटा माणूस, कुठे साफ करत बसणार.

त्यांचा गणपती एकदा सापडला. सारसोळ्याच्या जनाबाई आमच्या गेटवर मासे घेऊन येतात. पैसे देता देता मी सहज म्हटलं की आमचे काका अमुक एक गणपती शोधतात. जनाबाई पाटी खाली ठेवून म्हणाल्या, "आमचे घरान हाय ना उजवे सोंडेचा. सासूचे वक्तापासून."

मी वर जाऊन सांगितलं तशा काकांनी चपला घातल्या आणि निघालेच. मीही गेले, कारण तेव्हा त्यांना रस्त्यातला स्पीडब्रेकरही दिसेनासा झाला होता. जनाबाईंच्या घरात भिंतीवर तो होता. रंग उडालेला, काचेला तडा, सोंड उजवीकडे, डावा हात वर केलेला. काकांनी पाठ फिरवून आरसा धरला. मग म्हणाले, "माझाच."

त्यांनी जनाबाईंना सगळं समजावलं. फिल्म, चकचकीत बाजू, मंद बाजू, नवीन लग्न. जनाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"मंजे येवरी वर्सां आमी भायेर पडवीन बसून म्हावरा रांधला न खाल्ला, तो फुकट?"

"फुकटच म्हणायचं," काका अगदी पडल्या चेहऱ्याने म्हणाले. "माझी चूक. आता चूल आत घ्या. आजच घ्या."

जनाबाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा पडवीकडे. "नाय रं बाबा. भायेर वारा लागतो. आन तो आतान बसलाय, त्याला आपला घर वाटतंय. ऱ्हाऊ दे."

परत येताना मी म्हटलं, "ती खूश आहे हो. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" तर म्हणाले, "एखादी तरी म्हणेल वाटलं होतं, बरं झालं सांगितलंत."

हे झालं आरशाचं. आता डोळ्याचं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. गेल्या पावसाळ्यात काका चुकीच्या बसमध्ये चढले आणि द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामांपाशी उतरले. एकदा गॅस चालू ठेवून काडी शोधत राहिले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता उशीर केलात तर डोळा गेला समजा. त्यांची मुलगी बेंगळुरूला असते, ती रोज मला फोन करते. "मावशी, माझं ऐकत नाहीत. तुम्हीच हात धरून न्या." मी दोनदा तारीख घेतली, दोन्ही वेळा काकांनी आदल्या दिवशी रद्द केली. एकदा पोट, एकदा "मला वार पटत नाही."

मला वाटलं, घाबरले. पण डॉक्टरांसमोर ते जराही घाबरलेले नव्हते. त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "डोक्यावरून अंघोळ कधी करता येईल?" डॉक्टर म्हणाले, "लगेच नाही हं आजोबा. डोळ्यात पाणी जाता कामा नये. गळ्याखाली करा. वाकायचं नाही, धुरात बसायचं नाही." तेव्हाच काकांचा चेहरा उतरला होता. मी तो बघितला होता, पण त्याचा अर्थ लावला नाही.

तर त्या संध्याकाळी पिशवीची चेन लावून मी म्हटलं, "साडेनऊला रिक्षा. तयार राहा."

"सेक्रेटरीबाई, उद्याचं राहू दे."

मी पिशवी जमिनीवर ठेवली. "काका, मी रजा टाकलीय. तुमच्या मुलीने रडून फोन ठेवलाय. तिसरी वेळ आहे ही. कारण सांगा. पोट नको, वार नको. खरं कारण."

"सांगून उपयोग नाही."

"माझ्यावर सोडा ते. डोळा गेला तर तुम्हाला गॅसही पेटवता येणार नाही. मग मुलगी घेऊन जाईल बेंगळुरूला. ते चालेल?"

ते घाव बसल्यासारखे बघायला लागले. मग उठले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. इतक्या वर्षांत ते दार मी उघडं पाहिलं नव्हतं. लोकांच्या देवघरात रिव्हर्समध्ये शिरणाऱ्या माणसाचं स्वतःचं देवघर कोणीच बघितलेलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"उंबऱ्याबाहेरूनच बघा," ते म्हणाले. "तुम्ही ऑफिसातून आलाय."

पाट, समई, तांब्या, जास्वंदीची सकाळची फुलं. वर भिंतीशी उंच दांडी, सोवळं वाळत घालायची. आणि मधोमध पितळी फ्रेममध्ये तोच. उजवी सोंड, डावा हात वर. जनाबाईंकडचा फिकटला होता, हा मात्र कालच छापल्यासारखा लाल.

"अहो, हा तर तुमचा तो उलटा!"

"पहिला. मशीनवरून निघालेला पहिला कागद. नवं लग्न, बायकोला दाखवायचं होतं की हे बघ, मी काय करतो. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. आईने बघितला आणि म्हणाली, उजव्या सोंडेचा आलाय घरात, आता सांभाळावा लागेल. आणि हिने सांभाळला."

"मग चूक कळल्यावर सांगितलं नाहीत काकूंना?"

"त्याच दिवशी सांगितलं. धावत घरी आलो. म्हटलं, अगं हा साधा आहे, मी उलटा लावला. तर मला म्हणाली, तुम्ही कोण हो त्याची सोंड फिरवणारे? त्याला फिरवायची होती, म्हणून त्याने तुमच्या हातून करून घेतलं."

मला हसू आलं. काकांनाही आलं, पण टिकलं नाही.

"माहेरी कधी मुक्काम नाही. भावाच्या लग्नाला गेली, अक्षता टाकल्या, रात्रीच्या गाडीने परत. तिला गणपतीपुळ्याचा समुद्र बघायचा होता. गणपतीपुळ्याचाच हो! मी म्हणायचो, चल, एक रात्र, त्यालाच भेटायला जातोय ना? तर म्हणायची, मग इथल्याचं कोण बघेल? मी चिडायचो. आरसा समोर धरून दाखवायचो, हे बघ, हे बघ हा कसा आहे खरा. ती आरशाकडे बघायचीच नाही."

मग ते म्हणाले, "अशा किती बायका बसल्या असतील घराघरांत. माझ्या एका हातामुळे."

सोसायटीभर आम्ही ह्या आरशावर हसलो होतो.

"आणि आता तुम्ही बसलाय," मी म्हटलं.

"ती गेली तेव्हा सुतकाचे दिवस गुरुजी येऊन पूजा करून गेले. मग मी. रोज डोक्यावरून पाणी, मग पूजा, मग त्याचा नैवेद्य, मग माझा घास. मला पक्कं माहीत आहे की हा साधा आहे, बाई. मीच लावलाय त्याला. पण तिने एक दिवस चुकवला नाही. मी कसा चुकवू? माझ्या हातून काय काय चुकायचं ते एकदाच चुकून झालंय."

आता रडारड मला जमत नाही. समोर अडचण आली की माझं डोकं आधी गाडीची सोय बघतं. मी म्हटलं, "डॉक्टर बरे म्हणेपर्यंत मी करते."

"तुम्ही?"

"का? अंघोळ मलाही करता येते."

"बाई, सोवळं असतं. तुम्ही मासे खाता."

"आणि तुम्ही शुक्रवारी फरीदाबाईंकडे काय खाता? वरण-भात?"

काका चपापले. "ते संध्याकाळी. सकाळी परत डोक्यावरून अंघोळ."

"मग मीही तसंच करेन."

"आणखी एक असतं... बायकांचं..." ते जमिनीकडे बघत म्हणाले.

"ते माझं केव्हाच संपलं. ती अडचण नाही. दुसरी सांगा."

दुसरी त्यांना सापडेना. त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "त्याला चालेल. तो काही म्हणणार नाही. हिला चालेल का, ते मला कळत नाहीये."

"काकू असत्या तर डोळा जाऊ दिला असता तुमचा?"

"नसता. फरफटत नेलं असतं."

"झालं तर मग. उद्या तुम्ही जायच्या आधी मी करते, तुम्ही बाहेर खुर्चीवर बसून बघा. चुकलं तर तिथल्या तिथे सांगा. नेसायचं काय ते सांगा, माझ्याकडे सोवळ्याचं काही नाही."

"तिचं आहे," ते म्हणाले. "वर दांडीवर. काठीने काढायचं, हात लावायचा नाही अंघोळीआधी."

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. आमच्या ह्यांनी पांघरुणातूनच विचारलं, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, झोपा." अंगावर जुनं पातळ गुंडाळून, साडी हातात घेऊन वर गेले. काकांच्या बाथरूममध्ये जानेवारीच्या थंडीत डोक्यावरून गार पाणी घेतलं. कारण गरम चालतं का, हे विचारायचं राहिलं होतं आणि आता भिंतीपलीकडून ओरडून विचारावंसं वाटेना.

केसांना पंचा बांधून आतल्या खोलीत गेले, दार लोटलं आणि काठी उचलली. दांडीवर दोन वस्त्रं होती. काकांचं धोतर आणि शेजारी काकूंचं निळ्या काठांचं सुती पातळ. काकूंना जाऊन पाच वर्षं होत आली. कापड कडक झालेलं असेल, घडीवर पिवळं पडलं असेल, डांबरगोळ्यांचा वास येईल, अशी मनाची तयारी करूनच मी ते काठीने खाली घेतलं.

पातळ मऊ होतं. साबणाचा वास होता, आणि पदराचं टोक अजून जरा दमट. कालच धुतलेलं, शेजारच्या धोतराबरोबर.

मी ते नेसले, दार उघडलं आणि पाटावर बसले. काका बाहेर खुर्चीवर, अधू डोळा बारीक करून. "गंध आधी. हं. फूल देठ त्याच्याकडे करून. बोलू नका, मी बोलतोय." दूर्वा वाहिल्या, समई लावली, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. शेवटी ते बोलायचे थांबले, तेव्हा मला कळलं की बरोबर झालं.

मग मी माझी साडी नेसले, बाथरूममध्ये बसून ते निळ्या काठाचं पातळ धुतलं, घट्ट पिळलं आणि काठीने पुन्हा दांडीवर टाकलं, धोतराच्या शेजारी, सुरकुत्या काढून. रिक्षा खाली येऊन हॉर्न देत होती. मी पिशवी घेतली, काकांचा हात धरला आणि जिना उतरले.